निळ्या झोताचे बहात्तर तास

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

टाकी आली एकदाची. लातूरहून टेम्पोतून, ताडपत्रीत गुंडाळलेली, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी खुद्द गुंडप्पा. हा मूळचा उदगीरचा, तीस वर्षं दूध डेअऱ्यांना स्टीलच्या टाक्या करून देतो. आम्हाला हवी होती ती आतली सगळी हवा उपसून काढता येईल अशी टाकी. पुण्यात आठ महिने सांगितले. गुंडप्पाने पाच आठवडे सांगितले आणि पाचच घेतले. आत तोंड दिसावं इतकी चकचकीत केली आहे.

पुढेमागे कुणी ही वही वाचेल (वाचावीच, म्हणून तर अक्षर नीट काढतो आहे), त्याच्यासाठी लिहून ठेवतो. आम्ही करतोय ते उपग्रहाला अवकाशात ढकलणारं विजेचं इंजिन. झेनॉन वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे आणि उरलेले भारित कण विजेच्या जोरावर मागे फेकायचे, म्हणजे उपग्रह पुढे सरकतो. बायकोने, प्रेमलाने, विचारलं, जोर किती? मी तिच्या तळहातावर रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हटलं, याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. ती म्हणाली, "अहो, एवढ्यासाठी छत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलंत?" मग समजावलं की वर हवा नाही, अडवणारं कुणी नाही, एवढासा रेटा महिनोन्‌महिने लागत राहिला की उपग्रह कुठल्या कुठे जातो. तिला पटलं की नाही कोण जाणे, पण नाणं तिने ठेवून घेतलं.

बेंगळुरूच्या एका कंपनीने त्यांच्या उपग्रहावर आम्हाला जागा देऊ केली आहे. अट एकच. इंजिन निर्वात टाकीत सलग बहात्तर तास चाललं पाहिजे, तेही वीस डिसेंबरच्या आत. नाही चाललं तर जागा दुसऱ्याला. चालणार, यात मला तिळमात्र शंका नाही.

सोबतीला पंचशीला आहे. माझी विद्यार्थिनी, मुदखेडची, रोज रेल्वेने येते. बेंगळुरात आठ वर्षं असली इंजिनं केली आणि गेल्या वर्षी नोकरी सोडून माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, सर, आपण इथंच करू. तेव्हापासून मार्गदर्शन माझं, धावपळ तिची. शेडही माझी, इथं नांदेडात, भावाच्या बंद पडलेल्या छापखान्याची. इंजिनाचा आराखडा तिने काढला, मी तपासला. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं.

टाकी ताब्यात घेताना नोंदवहीत "आतून पूर्ण तपासली" असा रकाना असतो. गुडघे वाकत नाहीत, म्हणून दारातूनच बॅटरी मारून बघितली. मागच्या बाजूला दोन आखूड नळ्या आहेत, गुंडप्पाने झाकणं घट्ट लावून पाठवलेल्या. त्या उघडल्या की तांब्याची गॅस्केट, म्हणजे झाकण हवाबंद करणारी चकती, वाया जाते, आणि गॅस्केट मोजकीच आहेत. त्या रकान्यात सही पंचशीलेची लागते. ती म्हणाली, "सर, नळ्यांमधून बघितलं का?"

"अगं, बघितलंय मी सगळं. कर सही."

तिने सही केली. चहा झाला आणि गुंडप्पा दुपारच्या बसने परत गेला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पंप सुरू केले. सुरुवातीला गेजवरचा हवेच्या दाबाचा आकडा झरझर उतरला, मग अडून बसला. बाहेरून तापपट्ट्या गुंडाळून टाकी तापवली, म्हणजे आतला ओलावा निघून जातो. तर आकडा उलट वर! पंचशीला म्हणते, गळती असती तर तापवल्यावर इतका फरक पडला नसता, आत काहीतरी ओलं आहे. मी म्हटलं, चकचकीत स्टीलमध्ये ओलं काय असणार? हा वेल्डिंगचा दोष. दूधवाल्याकडून आणखी काय होणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

गुंडप्पाला फोनवर चांगला झापला. तो आवाज न चढवता म्हणाला, "सर, माझ्या टाकीतनं दुधाचा थेंब गळत न्हाई. तीस वर्षांत एक तक्रार न्हाई."

"दूध गळणं वेगळं आणि हवा गळणं वेगळं, गुंडप्पा."

"हाव, ते तुमचं तुम्हाला म्हाईत. पाठवा, बघतो."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

टाकी घेऊन काल लातूरला गेलो होतो. गुंडप्पाचा कारखाना एमआयडीसीत आहे. टाकीत हवा भरून त्याने एकेका जोडावर साबणाचं पाणी फिरवलं. एकही बुडबुडा नाही. तरी मी अडून बसलो, तेव्हा म्हणाला, "तुमच्या समाधानासाठी पुन्हा जोडून देतो सर," आणि दोन जोड घासून नव्याने वेल्ड केले. त्याच्या मंडळींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. माणसं चांगली आहेत, हे मान्य.

संध्याकाळी टाकी नांदेडला आणली. गुंडप्पाने झाकणं स्वतः आवळून दिली होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आकडा आधीपेक्षा वाईट. दिवस मात्र चालले आहेत. पंचशीला म्हणाली, इतक्या ओलाव्यात इंजिन पेटवू नका, कॅथोड जाईल. कॅथोड म्हणजे या इंजिनाची काडेपेटी. इलेक्ट्रॉन तोच सोडतो, आणि तापलेला असताना त्याला पाण्याची वाफ लागली की मेलाच. आमच्याकडे दोनच. नवा मागवला तर चार महिने.

मी म्हटलं, अकरा मिनिटं तरी पेटवून बघू. अकरा का म्हणालो, देव जाणे.

पण काय दिसलं म्हणून सांगू! काचेच्या खिडकीतून आत बघतो तर निळा झोत, निखळ निळा, मधे पांढरट टोक, आवाज नाही, धूर नाही. छत्तीस वर्षं फळ्यावर खडूने काढलेली गोष्ट डोळ्यांसमोर जळत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसेपर्यंत झोत दोनदा थरथरला आणि विझला. कॅथोड गेला.

कॅथोड मुळातच सदोष असावा. पुरवठादाराला कडक पत्र लिहिणार आहे. पंचशीलेने मेलेला कॅथोड काढून डबीत ठेवला आणि तीनच्या गाडीने घरी गेली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

टाकी पुन्हा लातूरला पाठवली. या खेपेस मी गेलो नाही. गुंडप्पाला फोनवर सांगितलं, अजून दोन जोड करा. तो "बरं सर" एवढंच म्हणाला. प्रेमला चहा ओतता ओतता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मी विचारलं, हे कुणाला? म्हणाली, म्हण आहे, कुणालाही लागू होते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

टाकी आली. आकडा आणखी वाईट. जितक्या वेळा दुरुस्त होऊन येते तितकी बिघडते, हे कुठल्या भौतिकशास्त्रात बसतं?

पंचशीला पुन्हा म्हणाली, मागच्या नळ्या उघडू. मी नाही म्हटलं. गॅस्केट संपली तर टाकी बंद कशाने करणार? तिने हातातला पाना खाली ठेवला. हट्टी नाही ती, हा तिचा मोठा गुण.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. रांगेत दोन तास उभं राहून मी जिवंत असल्याचं सिद्ध केलं. परत आलो तर शेडभर काकवीचा वास. गुऱ्हाळात आल्यासारखं वाटलं.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर तीन फडक्यांच्या पुरचुंड्या. काळपट तपकिरी, फेसाळून फुगलेल्या. पंचशीला हातमोजे घालून उभी होती.

"गूळ आहे सर. आणि तांदूळ. डाव्या नळीत."

"गूळ?"

"तीन खडे. टाकी तीनदा आली, तीन खडे."

मी खुर्चीवर बसलो. गुंडप्पाला फोन लावला आणि विचारलं, हा काय प्रकार आहे. माणूस जराही गांगरला नाही. "हाव सर, मीच ठेवला. रिकामं भांडं कुणाच्या घरी द्यावं का? आमच्याकडं न्हाई चालत. माझी एक टाकी बिगर गुळाची गेली न्हाई आजवर. तोटीत ठेवतो, डेअरीवाले पहिल्यांदा गरम पाण्यानं धुतात, त्यात जातो वाहून. जुना दिसला तरी मी काढत न्हाई, शुभ असतोय. तुमी धुतली न्हाई का?"

निर्वात टाकी कुणी पाण्याने धुतं का! ओल्या गुळाची टाकी आम्ही तापवत होतो आणि वाफ निघते म्हणून वेल्डिंगला शिव्या देत होतो. दर खेपेला मी भांडून टाकी परत पाठवायची आणि दर खेपेला त्या भल्या माणसाने शुभ म्हणून नवा खडा घालायचा. आधी चिडलो, मग हसू आलं, आणि पंचशीलाही हसली. महिनाभरात पहिल्यांदाच हसली असेल.

१ डिसेंबर, सोमवार

दोन्ही नळ्या घासून पुसून स्वच्छ केल्या, नवी गॅस्केट घातली. आकडा इतका खाली गेला की पंचशीलेने गेज बिघडलंय का म्हणून दुसरं लावून बघितलं. गुंडप्पाच्या टाकीत कुठेही टाचणीच्या टोकाएवढीसुद्धा गळती नाही. कधीच नव्हती.

कॅथोड गेल्याचं कंपनीला कळवावं लागलंच होतं, त्यावर त्यांची मेल आली आहे. पहिला कॅथोड का गेला त्याचा खुलासा हवा, आणि नोंदवहीच्या प्रती. त्याशिवाय बहात्तर तासांची परवानगी नाही. त्यांचे इंजिनिअर विरूपाक्ष नऊ तारखेला स्वतः येणार. खुलासा सोपा आहे. "टाकी पुरवणाऱ्याने परक्या वस्तू आत ठेवल्या." मी लगेच मसुदा केला. अहवालाचं पहिलं पानही टाईप केलं, चाचणी प्रमुख प्रा. माधवराव अर्धापूरकर, म्हणजे मी. पंचशीलेने मसुदा वाचून परत दिला. सर्दी झाली असावी, डोळे लाल होते.

३ डिसेंबर, बुधवार

विरूपाक्षांनी काल पंचशीलेला फोन केला होता म्हणे. मला तिने सांगितलं नाही, मी तिच्या वहीत नाव बघितलं. हल्ली ती डबाही एकटीच खाते. जेवताना प्रेमलाला म्हटलं, पोरीचं लक्ष नाही कामात.

प्रेमलाने विचारलं, "त्या टाकीच्या तपासणीवर सही कुणाची आहे?"

"पंचशीलेची."

"आणि तपासली कुणी?"

प्रेमला उठून ताक आणायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

खरं लिहितो, नाहीतर ही वही काय कामाची. तपासली कुणीच नाही. मी दारातून बॅटरी मारली आणि "बघितलंय मी सगळं" म्हणालो. तिने विचारलं होतं. मी सांगितलं म्हणून तिने सही केली. आता कंपनी म्हणणार, न बघता सही करणाऱ्या इंजिनिअरला आमच्या उपग्रहाला हात लावू देणार नाही. तिने आठ वर्षांची नोकरी या इंजिनासाठी सोडली आहे.

महिनाभर हे मला दिसलं नाही. तिला पहिल्या दिवसापासून दिसत असणार, आणि ती एका शब्दाने बोलली नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

नुसता गुंडप्पाचा गूळ पुढे केला तर भागेल का, याचा दिवसभर विचार केला. भागेल बहुधा. लोक हसतील आणि विसरतील. पण विरूपाक्षांनी समोर विचारलं, तुम्ही आत बघितलं होतं का, तर ती खोटं बोलणार नाही. माझं नावही घेणार नाही. तेवढी ओळखतो मी तिला.

सत्यनिष्ठेवर पोरांना किती भाषणं दिली! प्रात्यक्षिकाच्या वहीत आकडे आधी लिहून ठेवणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढायचो. लाज वाटते.

उद्या सहा डिसेंबर. तिची सुट्टी आहे, मुदखेडच्या बुद्धविहारात कार्यक्रम असतो त्यांचा. सोमवारी आधी तिच्याशी बोललो तर ती मला अडवील. बोलायचं ते विरूपाक्षांसमोरच बोलायचं, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

विरूपाक्ष तरुण आहेत, मूळ बीदरकडचे, मराठी बोलतात. खुर्चीवर टेकले आणि नोंदवही उघडली. ते काही विचारायच्या आधीच मी उभा राहिलो. गुडघा दुखत होता तरी उभा राहिलो.

"टाकी आतून तपासलीच नव्हती. मी तपासली असं सांगितलं आणि हिला सही करायला लावली. खराब आकडा दिसत असताना इंजिन पेटवायचा हट्टही माझाच, ही नको म्हणत होती. टाकीवाल्याचं काम चोख आहे."

विरूपाक्षांनी पंचशीलेकडे बघितलं. मला वाटलं, आता ती सुटली.

ती म्हणाली, "सही माझी आहे. सर म्हणाले म्हणून केली, तरी चूक माझीच. बेंगळुरात मी कुणाच्याही सांगण्यावरून अशी सही केली नसती. इथं केली, कारण सर म्हणाले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुमच्यासमोर मला अजून बारावीतल्यासारखंच होतं. तोंडातून नाही निघतच नाही."

हे मला लागलं. गालात मारल्यासारखं नाही, आतून लागलं.

विरूपाक्षांनी नोंदवही मिटली. म्हणाले, "दोघं बी खरं बोललात, म्हणून चाचणी होऊ द्यायलोय. पन अटी हाईत. चाचणी प्रमुख या मॅडम. हरेक सही बघून, माझ्यासमोर. आन् सर, तुमी कंट्रोल रूममध्ये यायचं न्हाई. अहवालावर तुमचं नाव बी न्हाई. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. लगेच म्हटलं, विचार केला असता तर जमलं नसतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी दहाला इंजिन पेटलं. मी अंगणात, जनरेटरजवळ. पंचशीलेनेच काम दिलं. वीज गेली तर बॅटऱ्या चार मिनिटं ओढतील, तेवढ्यात जनरेटर लागला पाहिजे. शेवटचा कॅथोड आहे, विझला तर गेला.

आतलं काही दिसत नाही. पंप चाललाय तेवढा आवाज येतो. गुंडप्पाही सकाळच्या बसने आला आहे, माझ्याशेजारी स्टूल टाकून बसलाय. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर. मी बी सांगायला पायजे होतं. आमच्या लोकाला सांगावं लागत न्हाई, तुम्ही लोक येगळे."

१३ डिसेंबर, शनिवार

दुपारी एकला वीज गेली. आयुष्यात इतक्या वेगाने कधी उठलो नव्हतो. गुडघा ओरडला असेल, मला ऐकू आलं नाही. पहिल्या झटक्याला जनरेटर खोकला आणि बसला. गुंडप्पा "डिझेलची तोटी सर, तोटी!" म्हणून ओरडला. तोटी बंद होती, मीच सकाळी साफ करताना बंद केली होती. उघडली, दुसरा झटका, लागला. दोन मिनिटं दहा सेकंद.

पंचशीला दारात आली, अंगठा दाखवला आणि आत गेली. सत्तावीस तास झाले होते. वीज चारला आली. तोवर मी जनरेटरवर हात ठेवून उभा होतो, बसलो नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

दहाला बहात्तर तास पूर्ण झाले. विरूपाक्ष बाहेर आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, जागा तुमची. मग सुधारलं, "मॅडमची आन् तुमची." गुंडप्पाने खिशातून पेढे काढले. प्रेमला रिक्षाने आली होती, तिने आम्हा तिघांना पोहे दिले आणि चौथी बशी झाकून पंचशीलेसाठी ठेवली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

साडेदहा वाजले, अकरा वाजले, तरी पंपाचा आवाज थांबेना. आत झोत चालूच. मला घोर लागला. अट पूर्ण झाली, आता उगाच कशाला ताणायचं? एकुलता एक कॅथोड, जरा कुठे थरथरला की संपलं. आत जायची मनाई होती, म्हणून दारातूनच ओरडलो, "पंचशीला, झाले बहात्तर! बंद कर आता!"

ती काचेपाशी उभी होती. चेहऱ्यावर निळा उजेड. तीन दिवसांची झोप डोळ्यांत, पण मान ताठ. तिने गेजकडे बघितलं, नोंदवहीत काहीतरी लिहिलं आणि मग माझ्याकडे वळली.

"नाही सर. आकडे उत्तम आहेत. हे कुठवर जातं ते मला बघायचंय. मी बंद करणार नाही."

विरूपाक्ष माझ्या तोंडाकडे बघत होते, प्रेमलाही. मला काहीतरी बोलायचं होतं, सवयीने तोंड उघडलंही.

"किती वेळ चालवणार?" एवढंच विचारलं.

"चालेल तेवढा वेळ."

"बरं," मी म्हणालो, आणि जनरेटरमध्ये डिझेल किती उरलंय ते बघायला गेलो.